हरेश्वर तांडेलांचा श्रावण

"हे बाटलेलं आहे," म्हणत हरेश्वर तांडेलांनी ताट बाजूला सारलं.

ताटात दुधीची भाजी होती, चंपाबाईंनी स्वतःच्या हातांनी केलेली. पण हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मासे-मटण बंद करून त्यांच्या जिभेखाली चिप बसवली होती. तेव्हापासून त्यांना भाजी सुरमईसारखी लागे आणि मासा दुधीसारखा फिका. इतके दिवस स्वारी खुशीत होती. आज श्रावण लागला, आणि जन्मात श्रावण न मोडलेला माणूस सकाळपासून उपाशी.

"अहो, दुधीच आहे तो! रिकाम्या पोटी गोळी घेता येत नाही."

"जिभेवर सुरमई आहे, चंपा. देवाला काय सांगू, चिप होती म्हणून?"

देव जीभ बघतो की पोट, हा प्रश्न चंपाबाईंना कधी पडलाच नव्हता. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. चिप वर्षभर तरी निघणार नव्हती.

फोन ठेवून वळतात तो घरभर भाजल्या बोंबलाचा वास! माळ्यावर ठेवलेला सुक्या मासळीचा डबा गॅसपाशी उघडा पडला होता.

"अहो, काय हे!"

"दुधी!" बोंबील चावत, डोळे मिटून हरेश्वर म्हणाले. "निव्वळ दुधी! पाळला गं बाई माझा श्रावण."

डबा हिसकावायला धावलेल्या चंपाबाई अर्ध्यातच थांबल्या. श्रावण मोडला की पाळला गेला, त्यांना काही केल्या कळेना. शेवटी त्यांनी गोळी पुढे केली. पोटात काहीतरी गेलं होतं, एवढंच नक्की होतं.