उड्यांचा नवस

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंधराव्या वर्षी रक्तात एवढी चरबी! नुसतं फिरून भागणार नाही, धाप लागेल असा व्यायाम हवा."

ओरुरोत, आमच्या खाणींच्या गावात, आम्ही अशा वेळी खाणीतल्या मातेला नवस बोलतो. माझ्या एडिल्सनसाठी मी तीन वर्षं तिच्या कार्निवलात नाचायचं कबूल केलं, तेही संथ पावलांचं नाही, उड्यांचं. रोज सराव. एडिल्सन बाकावर बसून तळलेल्या एम्पानाडा, चीज भरलेल्या करंज्या, खात ओरडायचा, "आणखी उंच, आई!"

सहा महिन्यांनी बाईंनी दोघांचं रक्त तपासलं. माझं झऱ्यासारखं निर्मळ. त्याची चरबी आणखी वाढलेली.

"आई, माता माणूस चुकली गं!" तो रडवेला झाला.

"चुकली तर चुकली, बाळा. आता माझ्या नावाने तू नाच," मी हळूच म्हणाले, "तुझ्या नावाने एम्पानाडा मी खाते."