समोरून येणारे सलाम

संध्याकाळी बाबांच्या जुन्या गाडीला समोरून सतरा गाड्या भेटल्या. त्यांतल्या अकरा गाड्यांनी दिव्यांची उघडझाप केली. त्याच रस्त्यावर लेकीची नवी गाडी बाबांनीच चालवली, तेव्हा एकीनेही नाही.

"तुझ्या गाडीला कोण ओळखणार? अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय. सरांना सलाम करतात ते," निवृत्त मास्तर असलेले बाबा मिशीतल्या मिशीत हसले.

लेकीला चैन पडेना. तिने दोन्ही गाड्या आळीपाळीने भिंतीसमोर सारख्याच अंतरावर उभ्या केल्या. नवीचा झोत दिव्याच्या उंचीपेक्षा खाली पडला, जुनीचा वीतभर वर. नवीत स्टिअरिंगजवळची चकती फिरवली की झोत खाली-वर होतो; जुनीत दिव्यामागचा स्क्रू कधीचा ढिला झाला होता.

"बाबा, सलाम कसले? डोळे दिपतात म्हणून ओरडत होते बिचारे."

बाबा स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन आले.

"पीळ तो स्क्रू. खरे किती उरतात ते तरी कळू दे."

दुसऱ्या संध्याकाळी समोरून एकोणीस गाड्या आल्या. एकीने दिवा दाखवला आणि थोडं पुढे जाऊन ती थांबली. आतून हाक आली, "सर!"