मुरूम लागेपर्यंत

झुलाल मिस्त्रीने बाभळीच्या खांबावरचा रंधा थांबवला आणि लेकीला विचारलं, माशांची टाकी केवढी आहे. रूपाने दोन्ही हात फाकवून लांबी दाखवली आणि ते तसेच हवेत धरून उभी राहिली. हात खाली घे म्हणून सांगावं लागलं, तेव्हा तिने घेतले.

आठवड्यापूर्वी ती धुळ्याहून नवऱ्याचं घर सोडून आली, ती एक काचेची टाकी, बादलीतले मासे आणि अंगावरचे कपडे एवढंच घेऊन. काय झालं ते कोणाला सांगितलं नाही. विचारलं की काही नाही म्हणायची, आणि खोटंही बोलत नव्हती. तिला खरंच काही वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. ताट पुढे आलं की जेवायची, अंथरूण घातलं की पडायची.

तिच्या आईने, झुंबरबाईने, मात्र सगळं ठरवून टाकलं होतं. आज दुपारी जावई स्वप्नीलचे काका योगराज टेम्पो घेऊन येणार होते, पोरीला आणि तिच्या टाकीला परत नेणार होते. सासरी पोर रिकाम्या हाताने पाठवायची नाही, म्हणून सोबत टाकीचा लाकडी स्टँड द्यायचा. नट काढले की सुटा होईल असा करा, एवढंच तिने नवऱ्याला बजावलं होतं. झुलालला ते सांगायची गरजही नव्हती. धरणगावच्या आसपास किती पोरींच्या आंदणाचे पलंग आणि कपाटं त्याने केली होती. पोरीसाठी केलेली वस्तू सुटी होऊन टेम्पोत मावली पाहिजे, हे त्याच्या हातांना पाठ होतं.

खांब कापायचे तेवढे राहिले होते. पंपाची वायर कोणत्या बाजूने काढू, असं त्याने विचारलं. रूपा म्हणाली, वायर मागे लपवता आली तर बरं, बटण कोणाच्या हाताला लागायला नको.

"कसाले?" त्याने विचारलं.

फ्लॅटात राहून रूपाची बोली पालटली होती. भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं. "तिकडे त्यांना राग आला की ते पंप बंद करायचे आणि खुर्ची घेऊन समोर बसायचे. मासे वर येऊन तोंडं उघडायचे. मी पाया पडले की चालू करायचे."

झुलालने करवत भिंतीला टेकवली, नट-बोल्ट डब्यात टाकून झाकण लावलं आणि कोपऱ्यातली पहार उचलून तो बाहेरच्या खोलीत गेला. भिंतीलगतची शहाबादी फरशी त्याने उचकटली आणि खणायला लागला.

घर गावाबाहेरच्या प्लॉटवर, शेताच्या काळ्या मातीवर उभं होतं. ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भार टाकायचा तर खाली मुरूम लागेपर्यंत गेल्याशिवाय सोय नाही, हे तिकडे शेंबडं पोरही जाणतं. पण ते घराच्या खांबासाठी. माशांच्या टाकीसाठी कोणी घर खणत नाही.

झुंबरबाई धावत आली. पाहुणे यायची वेळ झाली आणि तुम्हाला हे काय सुचलं, अशी तिने सरबत्ती सुरू केली. झुलाल माती उपसत राहिला. मुरूम लागल्यावर त्याने एकेक खांब न कापता तसाच खड्ड्यात उतरवला, भोवती दगड घातले, पहारीने ठोकून ठोकून माती बसवली आणि वर आडव्या पट्ट्या खुंट्या मारून पक्क्या केल्या. रूपा दारात उभी राहून बघत होती. हे आपल्यासाठी चाललं आहे असं तिच्या डोक्यात आलं, पण आत कुठे पोचलं नाही.

योगराजकाका आले तेव्हा खोलीत बसायला धड जागा नव्हती. मातीच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून ते बसले. भांड्याला भांडं लागायचंच, स्वप्नील तापट आहे पण मनाने वाईट नाही, असं त्यांनी बरंच समजावलं. रूपा मान हलवत होती. तिला चल म्हटलं असतं तर ती गेली असती, बस म्हटलं असतं तर बसली असती.

झुंबरबाईने लेकीची ओटी भरायला ताट आणलं. तांदूळ, खण, नारळ. काका उठले. ओटी होईपर्यंत स्टँड टेम्पोत चढवू म्हणाले आणि त्यांनी खांबाला हात घातला. एकदा ओढलं, मग जोर लावून ओढलं.

"हाई आते हालाव नही," झुलाल म्हणाला.

त्याने ताटातला नारळ उचलला.

"तो वटीना शे," झुंबरबाई हळूच म्हणाली.

झुलालने नारळ पहारीच्या टोकावर आपटला. पाणी खांबाच्या बुडाशी, ताज्या मातीत सांडलं. नवं काम उभं राहिलं की तो नेहमी फोडायचा तसाच त्याने फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा काढला आणि काकांच्या हातावर ठेवला.

"ल्या, पाव्हना. खांब बठना."

काका तुकडा हातात धरून उभे राहिले. झुंबरबाईने एकदा नवऱ्याकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं, मग तांदळाचं ताट उचललं आणि ती आत गेली. दुसरा तुकडा झुलालने रूपाला दिला. तिने तो तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली. खोबरं गोड होतं.