रिकामे खिळे

बँकेचा माणूस घराचा भाव ठरवायला येणार म्हणून डेझरीने भिंतीवरचे सगळे फोटो उतरवले. गोऱ्यांच्या वस्तीत असलं तरी काळ्यांचं घर म्हटलं की भाव पडतो. दार उघडायला तिने गोऱ्या मैत्रिणीला, हायडीला, बसवलं आणि स्वतः गॅरेजमधून कानोसा घेत राहिली.

आलेला माणूस काळाच होता. रिकाम्या खिळ्यांकडे तो बघतच राहिला.

“घर तुमचंच?”

“माझंच की,” हायडी म्हणाली.

“फोटो नाही लावत?”

“आवडत नाहीत.”

तो बाथरूममध्ये डोकावून आला आणि आवाज खाली करून म्हणाला, “मी नुसती मापं घेतो. भाव उद्या साहेब येऊन लावणार. मालकीणबाईंना सांगा, केस बांधून झोपायची सॅटिनची टोपी दारामागेच राहिलीय. गोऱ्या बायका ती घालत नाहीत. आमच्या घराचा भाव बायकोच्या टोपीनेच पाडला होता.”