धमकीतला दम

रोममधलं भाड्याचं घर सोडायला म्हातारी एर्सिलिया तयार नव्हती, म्हणून बिल्डरच्या माणसाने तिला फोन केला. "आजीबाई, तुमचा जिना फार जुना झालाय. या वयात पाय घसरला तर उचलायला कोण येणार?"

एर्सिलियाने कॉफीचा कप खाली ठेवला. "घाई करतोस तू. आणि आवाज चढवलास की धमकीतला दम जातो. 'जिना' म्हणून झालं की थांबायचं, नुसता श्वास ऐकू द्यायचा." मग तिने त्याचंच वाक्य कुजबुजत म्हणून दाखवलं.



"हा आवाज सत्तरच्या दशकातल्या त्या खुनाच्या सिनेमांतला," पलीकडून तो म्हणाला. "काळे हातमोजे घालून फोन करणारा खुनी. ते सिनेमे पाहिले की मी अजून दिवा लावून झोपतो. पण तो तर पुरुष होता."

"हातमोजे पुरुषाचे होते. आवाज तेव्हा सगळ्यांचेच नंतर डबिंग करून भरायचे. खुनी ओळखू येऊ नये म्हणून त्याचा आवाज माझ्याकडे दिला होता." तिने कप उचलला आणि पुन्हा तशीच कुजबुजली, "तुझ्या घराला जिना आहे का रे?"