एजिरोचं ‘अबेग’

हॉस्पिटलच्या स्पीच थेरपिस्ट उझोमाने चित्राचं कार्ड पुन्हा समोर धरलं. "काकू, हे काय? कप. म्हणा बरं, कऽप."

एजिरो नुसती बघत राहिली. उजव्या हाताची बोटं चादरीवर वळून पडली होती. अर्धांगाचा झटका येऊन पाच आठवडे झाले होते. सापेले शहराच्या मासळीबाजारात जिच्या तोंडी लागायला दलालसुद्धा बिचकायचे, तिच्या तोंडून अजून एक अक्षर फुटलं नव्हतं.

खाटेच्या पायथ्याशी तिचा नवरा अकपोर उभा होता. दर कार्डाला त्याचेच ओठ हलत होते. कप. खुर्ची. चंद्र.

"पुरे करा आता," दारातून एसे म्हणाला. तो एजिरोचा धाकटा भाऊ, बहिणीला न्यायला गावाहून गाडी घेऊन आला होता. "दाजी, तिला काही कळत नाही. तुम्ही दिवसभर गॅरेजमध्ये, बघणार कोण? गावी आईच्या खोलीत पडून राहील बिचारी. आहेत तेवढे दिवस."

हेच अकपोरच्याही मनात येऊन गेलं होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

एसे बहिणीचे कपडे पिशवीत भरू लागला. बाजारात जाताना ती कमरेला गुंडाळायची ते निळं कापड त्याने उचललं.

"अबेग."

आवाज घोगरा होता, पण स्पष्ट. तिघंही वळले.

एसेचे डोळे भरून आले. "ऐकलंत? विनवतेय. घरी ने म्हणतेय मला."

शब्दाचा अर्थ खरंच तसा. अबेग, म्हणजे विनवते, पाया पडते. पण सापेलेत तो दिवसातून शंभरदा कानावर पडतो, आणि त्यात खरोखर पाया पडणारे दोघं-चौघंच. अकपोरने तर त्या शब्दाशी एकतीस वर्षं संसार केला होता.

"विनवतेय? तुझी सख्खी बहीण ना रे ती? भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काय म्हणायची, आठवतं? चल, निघ, म्हणतेय. माझ्या कपड्यांना हात लावू नकोस."

"दाजी, तुम्हाला हवं तेच तुम्हाला ऐकू येतंय."

उझोमाने कार्डं खाली ठेवली. "काका, बोला त्यांच्याशी. काहीही बोला, पण घाई नको."

अकपोर खाटेवर टेकला. "पाणी हवंय?"

"अबेऽग," एजिरो म्हणाली. मऊ, लांबवून.

त्याने पेला ओठांना लावला. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं, ते तो शर्टाच्या बाहीने टिपायला गेला.

"अबेग!"

त्याने बाहीकडे पाहिलं. गॅरेजचं ग्रीस होतं. "बरं, बरं," म्हणत त्याने टॉवेल घेतला. मग जरा धीर करून म्हणाला, "काल मिरचीचं सूप केलं होतं मी. तुझ्यापेक्षा झकास झालं."

"अबे–ग!" एजिरोचा अर्धा चेहरा हसला. दुसरा अर्धा हलला नाही, पण एकाच अर्ध्याने सुपाची पुरती वाट लावली.

एसे पिशवी धरून तसाच उभा होता. एजिरोने डावा हात त्याच्याकडे पुढे केला. "अबेग," ती हळूच म्हणाली.

या वेळी त्याने कुणालाच अर्थ विचारला नाही. जवळ येऊन बहिणीचा हात धरला. "नाही गं ताई, रागावलो नाही. घाबरलो होतो." मग त्याने निळं कापड घडी घालून तिच्या उशाशी ठेवलं.

"बाकीचे शब्द येतील?" अकपोरने उझोमाला विचारलं.

"सांगता येत नाही, काका. पण उद्यापासून चित्रं नकोत. बोलणारी माणसं आणा."

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या चौघी जणी आल्या. त्यांच्यातली उफुओमा खाटेवर बसताच म्हणाली, "एजिरो, तुझी गिऱ्हाइकं आता माझ्याकडे येतात बरं का. म्हणतात, हिचीच मासळी ताजी."

"अबेग!!"

चौघी खिदळल्या, मग एकदम भांडू लागल्या, आणि त्या गदारोळात पाचवा आवाजही होता. नर्स तणतणत आत आली.

"बाजार आहे का हा? आणि काकू, सगळ्यांत मोठा आवाज तुमचा! जरा हळू बोला."

अकपोर स्टुलावरून उठला.

"सिस्टर," तो हसत म्हणाला, "काय म्हणालात तुम्ही तिला? परत एकदा म्हणा."