एकटीचा तंबू

"वाट लागली! आई, पकडा!"

श्रुतिका ओरडली, पण तोवर तंबू हवेत गेला होता. दहिसरच्या त्या इमारतीच्या गच्चीवरून तो गडगडत पाण्याच्या टाकीपर्यंत गेला आणि शिडीत अडकला. रत्नप्रभाबाई पदर खोचून त्याच्यामागे धावल्या. वय साठीपुढचं, गुडघे त्याहून थोरले.

"ह्या वयात तंबूत झोपूचा सुचला काय गो तुका?" खुर्चीत बसलेले त्यांचे यजमान चंद्रप्रकाश मनापासून हसत होते. "घरात दिवाण आसा मा!"

"दिवाणार तुम्ही झोपतास," असं म्हणून बाईंनी तंबू ओढत परत आणला.

श्रुतिका त्यांची सून. तिची नोकरी साकीनाक्याला, आणि सुट्टीला नवख्या बायकांना कॅम्पिंगला न्यायचा नाद. या शनिवारी तिचा गट कर्जतपुढच्या एका तळ्याकाठी जाणार होता. सासूबाईंनी स्वतःहून नाव दिलं, तेव्हा घरच्यांना वाटलं गंमत करतायत. पण त्यांना एकटीचा तंबू हवा होता, आणि त्यावरून त्या हटेनात. गटाचा नियम असा, की जिला कुणाच्याही मदतीशिवाय तंबू उभा करता येईल तिलाच एकटीचा मिळणार. बाकीच्यांनी चौघींच्या मोठ्या तंबूत झोपायचं. नियम श्रुतिकानेच केलेला. सासूसाठी तो मोडायला ती तयार नव्हती, आणि सासूही तसं सांगायला गेली नव्हती. म्हणून आज गच्चीवर परीक्षा.

"चौघींच्या तंबूत गप्पा तरी होतील, आई."

"गप्पा बाहेर मारू."

तंबू श्रुतिकाचा जुना, पहिल्या पगारात घेतलेला. शिवणींना चिकटपट्ट्या लावलेल्या, आणि इतका अरुंद की चंद्रप्रकाशांनी त्याला 'उशीचा अभ्रा' असं नाव ठेवलं होतं. बाईंचा मुलगा सिद्धेश सकाळीच बजावून गेला होता, की नवख्या माणसाने तंबू नेहमी एक माणूस जास्त धरून घ्यावा, यात तर कूससुद्धा बदलता येणार नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि काठ्यांची पिशवी उचलली.

सामान मात्र त्यांनी असं जमवलं होतं की श्रुतिका बघतच राहिली. तंबूखाली अंथरायला कुण्या भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स, चेहरा जमिनीकडे आणि कोरी बाजू वर. गादी म्हणून सुनेचीच माळ्यावर पडलेली योगा मॅट. उशीसाठी वेगळं काही घ्यायचं नाही, स्वेटर कापडी पिशवीत भरायचा. ताणाची एक दोरी कमी होती, तिथे परकराची नाडी. गच्चीत खुंट्या ठोकायची सोय नाही, म्हणून तेलाचे रिकामे डबे पाण्याने भरून ठेवलेले. नवं काही विकत आणलं नव्हतं. गटातल्या मुली ऑनलाइन काय काय मागवत बसतात ते आठवून श्रुतिकाला सासूचं फारच कौतुक वाटलं, पण परीक्षकाने तोंडावर दाखवायचं नसतं.

"काय चुकलं, सांगा."

"वारा आला."

"वारा येणारच. रिकामा तंबू तसाच सोडायचा नाही, आधी आत वजन टाकायचं. आणि फ्लेक्सच्या कडा तंबूखाली दुमडा. बाहेर राहिल्या तर दवाचं पाणी खाली शिरतं. पुन्हा करा."

बाईंनी पुन्हा सुरुवात केली. वाऱ्याकडे पाठ केली, कापड पसरलं, आणि सगळ्यात आधी पाठीवरची सॅक आत सरकवली. फ्लेक्सच्या कडा आत घेतल्या. काठ्या ओवून वाकवल्या. एक सटकून कोपराला लागली. त्यांनी कोपर चोळलं आणि तीच काठी पुन्हा बसवली. श्रुतिकाचा हात नकळत पुढे गेला.

"हात लावू नकोस हां!" बाई कडाडल्या.

दोऱ्या त्यांनी डब्यांच्या कड्यांना बांधल्या. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी माटवीला नारळ बांधताना गावी मारतात तीच गाठ, ओढली की घट्ट होणारी. श्रुतिकाने तंबू गदागदा हलवून पाहिला. तो ढिम्म हलला नाही.

"झकास, आई!"

"उभो रवलो मरे!" चंद्रप्रकाश खुर्चीतून उठले.

"अजून पास नाही हां. एकदा झोपून बघायचं. डोकं उताराकडे आलं तर झोपेचं खोबरं."

बाई चपला काढून आत शिरल्या आणि जाळीची चेन त्यांनी स्वतःच ओढून घेतली. श्रुतिकाने वाकून जाळीतून पाहिलं. बाई एका कुशीवर होत्या. पाठ कापडाला चिकटलेली, गुडघे पोटाशी, हात छातीशी घट्ट. त्या एवढ्याशा तंबूतली अर्ध्याहून जास्त जागा मोकळी होती.

"अशा काय झोपलात? मध्ये या की."

"मध्ये?" बाईंना प्रश्न समजलाच नाही.

बाई लग्न होऊन आल्या तेव्हा घाटकोपरच्या चाळीत एकाच खोलीत सासू-सासरे, दीर, नणंदा. थोरल्या सुनेचं अंथरूण सगळ्यांच्या शेवटी, मोरी आणि कपाटाच्या मध्ये पडायचं. हे श्रुतिकाने ऐकलेलं होतं. इथल्या घरात बेडरूम तिची आणि सिद्धेशची, दिवाण सासऱ्यांचा, आणि बाईंची वळकटी सोफा आणि टीपॉयच्या फटीत. हे तर ती रोज बघत होती. पाणी प्यायला जाताना रोज ओलांडत होती.

"सरळ झोपा, आई," ती हळू आवाजात म्हणाली. "शेजारी कुणी नाहीये."

बाई सावकाश उताण्या झाल्या. त्यांनी एक पाय लांब केला, मग दुसरा. मग दोन्ही हात पसरले. बोटं दोन्हीकडच्या कापडाला टेकली, आणि त्या तशाच पडून राहिल्या.

त्या बाहेर येईनात, तेव्हा चंद्रप्रकाश काळजीने जवळ आले.

"अडचण होता काय गो?"

"अडचण खयची?" आतून आवाज आला. "केवढो मोठो आसा ह्यो!"